अंबाड्यातली पेन्सिल

आमच्या मावससासूबाईंइतकं मन लावून ऐकणारं माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं सापडलं नसतं. अट एवढीच की बोलणाऱ्याचं वय चाराच्या आत हवं. चाराच्या पुढची माणसं बोलायला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर, पाचाला दहा कमी असताना खिडकीशी आलेल्या अर्जदाराकडे बघताना कारकुनाच्या चेहऱ्यावर येतो, तो भाव यायचा. मी पडलो टेलिफोन खात्यातला. लोकांना बोलायची सोय करून देणं हा माझा पोटाचा धंदा आणि स्वतः बोलणं हा जन्माचा छंद. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी नव्या डिजिटल एक्सचेंजबद्दल चांगलं अर्धा तास रंगवून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हा बाई फारच प्रभावित झाल्या असं मी समजलो. माझं संपल्यावर त्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "हे रोजच एवढं बोलतात, की आज पाहुणे आहेत म्हणून?"

नात्याने त्या माझ्या सासूबाईंच्या सर्वांत धाकट्या बहीण. मी त्यांना मावशीच म्हणायचो. लग्न त्यांनी केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळायला लागलंच तर "माझी मुलं कॅसेटमध्ये आहेत" असं सांगून त्या त्याला चहाही न विचारता वाटेला लावत. विश्रांतवाडीत आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्या राहायच्या आणि गावातल्या एका संशोधन संस्थेत कामाला होत्या. लहान मूल बोलायला कसं शिकतं, आणि एखादं मूल त्या वाटेवर अडलं तर कुठे अडतं, हा त्यांचा विषय. नातेवाइकांना तो शेवटपर्यंत नीट कळला नाही. माझे सासरे लोकांना सांगत, "आमची मेहुणी पोरांचे बोबडे बोल टेप करते. त्याचा तिला पगार मिळतो." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान आणि संशय सारख्याच प्रमाणात असायचा.

मावशींच्या हातात कायम प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी. वर मेथीची जुडी आणि खाली टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. मेथी रोज नवी असायची की आठवडाभर तीच, याचा छडा मला लागला नाही. डोक्यावर घट्ट अंबाडा आणि त्यात आरपार खोचलेली शिसपेन्सिल. कॅसेटची फीत बाहेर आली की तिने गुंडाळायची, कॅसेट ऐकताना तिनेच लिहायचं. तिसरंही एक काम ती पेन्सिल करायची, ते पुढे येईलच. लग्नाकार्यात मावशी दिसल्या नाहीत तर कुणी घाबरायचं नाही, टेबलाखाली वाकून बघायचं. माझ्या मेहुण्याच्या लग्नात भन्तेजींनी गाथा सुरू केल्या, सगळे हात जोडून उभे राहिले आणि मावशी आइस्क्रीमच्या टेबलाखाली दोन चिल्लर पोरांचं भांडण टेप करत बसल्या. अल्बममध्ये त्यांचा फोटो आहे, पण त्यात फक्त पिशवी आणि लुगड्याचा काठ दिसतो.

एकदा तर संस्थेतून घरी यायला निघालेल्या मावशी अंधार पडायच्या वेळेला आळंदीहून परत आल्या. बसमध्ये पुढच्या बाकावर एक तीन वर्षांचा मुलगा आईला म्हशीची गोष्ट सांगत होता. विश्रांतवाडी आली तेव्हा म्हैस नुकती पाण्यात उतरली होती. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, उतरायचं न्हाय का?" मावशी म्हणाल्या, "थांबा हो, त्याचं वाक्य व्हायचंय." वाक्य आळंदीपर्यंत चाललं. लोक पायपीट करून जिथे जातात तिथे ही बाई देवळाकडे न फिरकता, फक्त म्हशीचं पुढे काय झालं ते ऐकून परत आली.

मुलं बोलताना चुका करतात, त्या तर त्यांच्या जीव की प्राण. आमच्या शेजारच्या पिंट्याने "मी होमवर्क करलं" म्हटलं आणि त्याच्या आईने "करलं नाही, केलं म्हण" अशी दुरुस्ती केली, तेव्हा मावशींनी त्या माउलीकडे असं पाहिलं की ती आमच्या घरी महिनाभर आली नाही. "केलं तर कुणीही ऐकून म्हणेल," मावशी मला म्हणाल्या. "करलं त्याने कधी कुणाकडून ऐकलंय? त्याचं त्याने तयार केलंय. चार-चार वर्षं डोकेफोड करून मोठी माणसं जे नियम शोधतात, ते ह्या शेंबड्याने घरात बसून शोधलेत." आणि त्यांनी पिंट्याला गूळ-शेंगदाणे दिले. पिंट्या पुढे कितीतरी दिवस मावशी दिसल्या की मुद्दाम "करलं, करलं" ओरडत यायचा. पण त्या मुद्दाम केलेल्या चुकीला त्यांनी एक दाणाही दिला नाही.

त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात तीन चाकांची मोटार, एका हाताची बाहुली, घट्ट झाकणाची बरणी अशी सगळी मोडकीतोडकी मालमत्ता होती. एका रविवारी त्या आमच्याकडे डबा विसरून गेल्या. जावयाचं कर्तव्य म्हणून मी मोटारीला चौथं चाक बसवलं, बाहुलीला दुसरा हात चिकटवला, बरणीचं झाकण सैल केलं आणि मोठ्या अपेक्षेने डबा परत नेऊन दिला. मावशींनी तो उघडला आणि खाली बसल्या. "जावईबापू, हे काय केलंत? मोडकी गाडी बघून पोरगं विचारतं, चाक कुठे गेलं. धड गाडी बघून ते नुसती चालवतं. झाकण घट्ट असलं की 'उघडून दे' म्हणून मागावं लागतं." मग माझ्यादेखत त्यांनी चौथं चाक उपटून काढलं. निघालं नाही तेव्हा मलाच काढायला लावलं.

मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हा त्यांचा नियम मोठ्यांनाही चुकला नाही. त्यांच्याकडे पोहे मिळायचे ते चमच्याशिवाय, आणि त्या समोर बसून बघत राहायच्या. पुण्याचा भिडस्त पाहुणा चमचा मागत नाही. "छान झालेत" म्हणतो आणि हाताने खातो. त्या वर्षांत गावात संगणकाच्या कंपन्या भराभर उघडत होत्या. त्यांपैकी एकीतली दोन तरुण मुलं संगणकाला मराठी शिकवायची म्हणून मावशींचा सल्ला घ्यायला आली. तीही बिनचमच्याच्या पोह्यांपुढे गोंधळून बसली. मावशींनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं, आणि विचारलं, "तुमचा संगणक हट्ट करतो का?" एकजण म्हणाला, "नाही मॅडम, कमांड दिली तरच चालतो." "मग कशाला शिकेल तो भाषा?" मावशी म्हणाल्या. "त्याला कुणाकडून काही हवंच नाहीये. तुम्हाला चमचा हवाय, तरी तुम्ही बोलत नाही!"

पण त्यांना मनापासून चिडलेलं मी एकदाच पाहिलं. वाघोलीकडच्या एका बालवाडीच्या बाईंनी त्यांना बोलावलं होतं, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या बोलण्यात म्हणे दोष होता. पिशवी उचलायला म्हणून मीही गेलो. मुलं मस्त कलकलाट करत होती. "बाई, ह्यो मला मारतुय." "न्हाय बाई, त्यानंच आधी वढलं." मावशी तासभर जमिनीवर बसून ऐकत राहिल्या आणि उठून बाईंना म्हणाल्या, "त्यांच्यात दोष न्हाय, बाई. तुमच्या कानात हाय." परतीच्या वाटेवर त्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मी पहिलीत वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. तोंड उघडलं की वर्ग हसायचा. बाईंनी वडिलांना सांगितलं, मुलगी मंद आहे. वडील खडकीच्या कारखान्यातून दमून यायचे आणि माझ्यासमोर बसून राहायचे. काही विचारायचे नाहीत. बसायचे नुसते." बोलकं मूल आणि अडलेलं मूल यांतला फरक ओळखायचं वेड त्यांना कुठून लागलं, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग आमची लेक रेवू अडली.

अडीच वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. हसायची, खेळायची, सांगितलेलं बरंचसं समजायचं, पण शब्द नाही. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाचा काका चौथ्या वर्षी बोलायला लागला होता आणि आता वकील होता. एका शेजाऱ्याने टीव्ही बंद करायला सांगितलं, दुसऱ्याने कार्टून लावायला. मी बाहेर थट्टा करायचो, "आमच्या घरातलं बोलणं मीच संपवलंय, तिच्या वाट्याला उरलं नाही." पण आत जिवाचं पाणी पाणी होत होतं. कचेरीत कुणी आपल्या मुलाची बडबड सांगायला लागलं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो.

तीन वर्षं पुरी झाल्यावर नर्सरीच्या प्रवेशाची वेळ आली. मॅडमनी बाहुली पुढे धरून विचारलं, "व्हॉट इज धिस?" रेवूने बाहुलीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "डॉल, मॅडम. तिला माहितीये." मॅडम म्हणाल्या, "मी तुमची ॲडमिशन घेत नाहीये." मग त्यांनी निदान केलं की दोन भाषांनी मूल कन्फ्यूज झालंय, तेव्हा घरात फक्त इंग्लिश बोला.

आम्ही बोललो. बायको सॉफ्टवेअर कंपनीत, दिवसभर अमेरिकेशी बोलणारी, तिचं निभलं. मी रागवायला गेलो तर इंग्रजी शब्द सापडेपर्यंत राग उतरून जायचा. आमची आई चौथी शिकलेली. तिने मात्र नातीसाठी कंबर कसली. "रेवू, कम. ईट वरणभात. नो सांडिंग." चौथ्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी कारणाशिवाय बोलेना. रविवारी मावशी आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, काय चाललंय हे?" आई काकुळतीला येऊन म्हणाली, "नो मराठी, मावशी. मॅडम अँग्री." आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "ज्या भाषेत धड रागावता येत नाही, त्या भाषेत लाड काय करणार तुम्ही? दोन भाषांनी कुणी मुकं होत नाही. ज्याला जी येते त्याने ती बोलावी. आणि आधी पोरीचे कान तपासून आणा." कान तपासले, ते चांगले निघाले. मग चार रविवार मावशी येऊन टेपरेकॉर्डर सुरू करून कोपऱ्यात बसल्या, आणि आम्ही नेहमीसारखे वागलो. पुढे महिनाभर त्यांचा पत्ता नाही. एका रविवारी आल्या त्या फुलस्केप वही घेऊन. "वाचा," म्हणाल्या.

वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडचा रेवूचा, उजवीकडचा बाकीच्यांचा. उजवा रकाना काठोकाठ भरलेला, आणि त्यात जिकडे तिकडे मी. "बाबा: सांग ना, गाडी. गाडी आहे ना ही? लाल गाडी. आजीला सांग, लाल गाडी. हो, गाडीच." पानंच्या पानं. स्वतःचं बोलणं असं दुसऱ्याच्या अक्षरात वाचायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. डावा रकाना जवळजवळ कोरा होता. जवळजवळच; कारण मावशींनी तिथे कंसात बारीक अक्षरात काही काही लिहून ठेवलं होतं. "(श्वास घेते.)" "(ओठ उघडते.)" "(बाबांकडे बघते, ओठ मिटते.)" मी बोटाने मोजलं. माझी मुलगी एकोणीस वेळा बोलायला निघाली होती. एकोणीसही वेळा मी तिच्या आधी पोहोचलो होतो.

"म्हणजे माझ्यामुळे..." मी म्हणालो.

"एवढं महत्त्व देऊ नका स्वतःला," मावशी म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "तिला भाषा अवघड जातेय, ते तिचं उपजत आहे. त्यात कुणाची चूक नाही. वाचा-उपचाराच्या बाई मी सांगते, त्यांच्याकडे दर आठवड्याला न्या. तिला शब्द जुळवायला बाकीच्या मुलांपेक्षा वेळ लागतो. तुमच्या घरात सगळं मिळतं हो तिला, फक्त तेवढा वेळ मिळत नाही."

"बोलेल ना?"

"मी ज्योतिषी नाही." त्यांनी अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि टेबलावर हलकेच आपटली. टक. मग पुन्हा, टक. "तिला काही विचारलंत, की असे दहा मोजायचे. तोवर एक अक्षर नाही."

"आणि दहा होऊनही बोलली नाही तर?"

"तर पुन्हा एकपासून."

घट्ट झाकणाच्या बरणीत चुरमुऱ्याचे लाडू भरून ती रेवूसमोर ठेवायची आणि पेन्सिल घेऊन गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पुण्यात राहून दहा टकटकी गप्प बसणं काय असतं, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या दिवशी मी तीनवर फुटलो. आई सातपर्यंत पोहोचली आणि मग तिने लाडवाचीच आरती ओवाळल्यासारखं "लाडू, लाडू" सुरू केलं. महिन्याभराने रेवूने माझा हात धरून झाकणावर ठेवला. मी हिरमुसलो, तर मावशी म्हणाल्या, "हेही मागणंच आहे. उघडा." उपचाराच्या बाईंकडे खेपा चालू होत्या, बरण्या चालू होत्या, पेन्सिली झिजत होत्या. मी कचेरीतही दहा मोजायला लागलो होतो; साहेब लोकांना वाटायला लागलं की मी विचार करून बोलतो.

पाऊस सरून दिवाळीचे दिवस आले होते. रविवारची दुपार, मावशी कोपऱ्यात. सहा झाले, सात झाले. आठव्या टकटकीला रेवूने श्वास घेतला, ओठ उघडले, माझ्याकडे पाहिलं. मी दातांखाली जीभ दाबून धरली.

"उघल," रेवू म्हणाली.

मी बरणी उघडायची सोडून रडत बसलो. तेव्हा तिने पाय आपटला आणि चढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, उघल!" मावशींनी पेन्सिल अंबाड्यात खोचली, परत काढली, परत खोचली. शेवटी वहीच्या डाव्या रकान्यात लिहिलं, "(रागावली.)" आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

एकदम चमत्कार झाला असं कुणी समजू नये. रेवूला वाक्यं यायला वर्ष लागलं, शाळेत धड्याचं वाचन तिला कायम डोंगरासारखं वाटलं, आणि आजही ती कमीच बोलते. पण बोलते ते तिचं स्वतःचं असतं. मावशी निवृत्त झाल्या, कॅसेटी गेल्या, संगणकाने मराठी बोलायलाही सुरुवात केली. मावशींनी एकदा रेवूच्या मोबाइलशी बोलून बघितलं आणि "लगेच उत्तर देतो मेला, जावईबापूंवर गेलाय" म्हणून परत देऊन टाकला. ऐंशीच्या घरातही त्या गल्लीतल्या पोरांच्या घोळक्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, पण ओठांकडे बघत बसायच्या.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. एका सकाळी शेजारणीचा फोन आला आणि आम्ही धावत गेलो. बायको आत बाकीच्या बायकांबरोबर होती. रेवूला कळवायचं काम माझ्याकडे आलं. ती नोकरीसाठी बंगळूरला असते. मी मावशींच्या टेबलाशी बसलो. वहीवर बोटभर उरलेली पेन्सिल पडली होती. फोन लावला आणि सांगितलं, "रेवू, मावशीआजी गेली गं."

पलीकडून काही नाही. रडणं नाही, हुंकार नाही. सांत्वनाची पन्नास वाक्यं माझ्या तोंडाशी आली. ती सगळी मी गिळली, पेन्सिल उचलली आणि टेबलावर टेकवायला लागलो. दहा झाले. रेवू बोलली नाही. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला सहावर तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"बाबा, टकटक ऐकू येतेय."

"थांबवू का?"

ती पुन्हा थांबली. मी मोजत राहिलो.

"नको," रेवू म्हणाली. "असू दे."